साथ कुणाच्या माथी

प्रिय पियामा,

छावणीतली साथ ओसरली. ही बातमी आनंदाने कळवायला हवी, पण मला लाज वाटतेय. जो तो येऊन माझे हात हातात घेतो, "सरदार, तुमच्यामुळे वाचलो," म्हणतो आणि मी नजर चुकवतो. तू देवळात मातीच्या पाट्या लिहायला गेलास, सुटलास. इथे उन्हाळाभर माणसं पटापट गेली. आधी ताप, मग काखेत गाठ, की संपलंच. राजधानीत म्हणे रोज देवांना कौल लावत होते, पाप कोणाचं म्हणून. आमच्या सैनिकांनी कौल न लावताच ठरवून टाकलं होतं. झुवीचं.

झुवी म्हणजे आमची भाकऱ्या भाजणारी. आईबाप नाहीत, नवरा नाही, जीभ मात्र भलती तिखट. आजाऱ्यांच्या तंबूत शिरायला वैद्यही कचरायचा, तेव्हा हीच पाण्याची घागर घेऊन हिंडायची. मी तापाने फणफणलो तेव्हा माझ्या तोंडात पाणी तिनेच घातलं. "मरू नका हं सरदार. तुमच्या जागी तो ढेरपोट्या आला तर माझ्या भाकऱ्या पुरायच्या नाहीत," म्हणाली. मी हसलो आणि जगलो. तिला मात्र काहीच होईना, आणि तेच लोकांच्या डोळ्यांत सलायला लागलं. "ही सगळ्यांना शिवते आणि हिला साधी शिंक येत नाही, कसं काय?" मी ऐकत होतो. मी एकदा दरडावलं असतं तर तोंडं बंद झाली असती. मी गप्प बसलो.

मग मेंढा सोडायचं ठरलं. विधी तुला माहीत आहे. रंगीत लोकर बांधलेला मेंढा आणि नटवलेली बाई, साथ त्यांच्या माथी देऊन दोघांना शत्रूच्या मुलखात हाकलायचं. बाई कोण, हे सरदाराने सांगायचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी झुवीचं नाव घेतलं. तिच्यासाठी भांडायला कोणी येणार नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण.

डूल घातले, गळ्यात मणी घातले, तरी तिला कळेना. "एवढं नटवताय, नवरा बघितलाय की काय माझ्यासाठी? दात तरी आहेत का त्याला?" बायका खाली बघत राहिल्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी आपण दोघांनी शिकलेल्या त्या देवळाच्या जुन्या भाषेत म्हणालो, आमच्यावरची साथ हिच्यावर जावो. तिला ती भाषा येत नाही. तिने डोळे मिटून घेतले.

आज पहाटे ओढ्यावर गेलो तर झुवी समोर. पलीकडच्यांनी तिच्यासोबतच्या मेंढ्याची लोकर ओळखली आणि दगड मारून पिटाळलं. कपाळ फुटलंय. "ते मला घेईनात, सरदार. मी काय केलंय त्यांचं?" परत आलेली बाई साथही परत आणते, तिला दिसताक्षणी मारायचं, हासुद्धा रिवाजच. मारायला माझा हात धजला नाही. तिला तंबूत न्यायची छातीही झाली नाही. अख्खी छावणी मला वाघ म्हणते, पियामा, आणि मी तिला झुडपाआड बसवून ही पाटी लिहायला पळालो.

पाटी घेऊन तुझ्या दारात आली आहे ती झुवीच. तुझी मुलं लहान आहेत, हे ठाऊक असूनही मी तिला तुझ्याकडे धाडतोय, कारण माझ्याकडे ठेवायला मी भ्यालो. तूही भिशील, त्यात गैर काही नाही. पण वाचून होईपर्यंत तिला बाहेर उभी ठेवली असशील तर आधी आत घे. तिला वाटतंय, मी तिच्या भाकऱ्यांची शिफारस लिहितोय. खरं काय ते मला सांगता आलं नाही. मी लिहायला निघालो तेव्हा माझे हात डोळ्यांना लावून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आशीर्वाद दिलात, सरदार, म्हणून तर जिवंत परत आले."

तुला तोंड दाखवायला न धजणारा, तरीही तुझाच,
अर्मझिती