दाजींच्या हेल्मेटचं अस्तर

५ मे २०२५, सोमवार. स. ७.४०
जनवाड्यात अक्काच्या अंगणात हेल्मेटचे फोटो काढत होतो. पिक्चरच्या जुन्या वस्तू जमवणारे पुण्याचे साहेब दुसरंही घेणार. अंतराळातल्या तेलुगू पिक्चरचं, मूळ कारागिराच्या हातचं. कारागीर म्हणजे आमचे दाजी. फेब्रुवारीत पहिलं विकलं तेव्हा म्हणाले होते, हैदराबादच्या वर्कशॉपमधून पगाराऐवजी एकच मिळालं. आता पोत्यातून दुसरं निघालं. विचारलं तर दाजी म्हणाले,
"तवा एकच सापडलं होतं रे. तू फोटो काढ."
रेझिनचा वास येत होता. सात वर्षांच्या फायबरला वास राहतो?

७ मे, बुधवार
निर्ण्यात, घरी. माझ्या दुकानात लक्ष नाही. दोन्ही हेल्मेटचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. डाव्या कानावर ओरखडा. दोन्हीला. तोच, तेवढाच.
फोन केला. दाजी हसले. "साचा एकच असल्यावर ओरखडाबी एकच येणार की, मास्तर! हीरोला आन् मागच्या पोरांना मिळून लई काढलते आम्ही."
पटलं. अर्ध्या तासाने पटेना. तो साचा आता कुठे आहे, हे विचारायचं राहिलं.

९ मे, शुक्रवार
चार्जर विसरलो सांगून जनवाड्याला गेलो. (विसरलो नव्हतो.) दाजी बिदरला, गाळा बघायला. या पैशांवरच तो घ्यायचा आहे. मागच्या पत्र्याच्या खोलीला कुलूप. भीमजयंतीच्या रथाचं सामान आहे म्हणे. जयंती होऊन महिना होत आला. उकिरड्यावर रेझिन घट्ट करायच्या हार्डनरची बाटली, नवी.
हेल्मेटमध्ये हात घातला. हिरवं अस्तर. वाकळीला घालतात तसा बारीक धावदोरा. अक्काचा हात. कापडही ओळखीचं. तिच्या लग्नातली साडी. लग्न २०२२ चं. पिक्चर २०१८ चा.
अक्का मागे उभी. "काय बघायलास?"
"ही साडी..."
"माझीच हाय. फाटली म्हणून दिली. कामून?"
"शिवलंस कधी?"
"मला काय तारीख ठाव? तुझ्यावानी लिहून न्हाई ठेवत मी."

१० मे, शनिवार
दाजींना सरळ विचारलं. म्हणाले, जुनं अस्तर उंदरांनी खाल्लं, बदललं. आणि वर: "पिक्चरचं मीच केलतं का न्हाई? हेबी मीच केलं. मग मूळ कारागीर कोण, तुझा बाप?"
म्हणजे आता केलं? की तेव्हा? बोलण्यात दोन्ही बसतं.
पहिल्या हेल्मेटसोबत दिलेल्या खरेपणाच्या कागदावर सही माझी. दाजींची कुठेच नाही. अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला लावलं, असं मी समजत होतो.

११ मे, रविवार
साहेब आले. अस्तर उलटून पाहिलं.
"हे कापड?"
दाजींच्या आधी अक्का बोलली, चहा देता देता. "माझी साडी हाय ती. मीच शिवलंय."
दाजींनी माझ्याकडे पाहिलं. साहेब तर खूशच! "कारागिराच्या पत्नीने शिवलेलं? वा. हे कागदावर लिहा. आणि बनवल्याचं वर्ष घाला, मागच्या वेळी राहिलं होतं." कागद हातात आल्यावर पैसे. उद्या पाचला परत येतो म्हणाले.
ते गेल्यावर दाजी: "लिवा की पावणं, शुद्ध लिवता तुम्ही."
अक्का हसली नाही. मला अंगणाबाहेर सोडायला आली. "गाळ्याचा विसार दिलाय रे त्यांनी," एवढंच बोलली.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा
विहारात पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज फुटला नाही. शेजारी दाजींचा खणखणीत. खरं बोलणाऱ्याचा असा असतो, की...
कागद लिहून झाला. रंग, ओरखडा, अक्काचं नाव. दोनदा तपासला. वर्षाची जागा मोकळी. सही बाकी.
दुपारी दाजींना म्हणालो, वर्ष तुम्ही सांगा. त्यांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "जा. बघ. मग तूच घाल."
साडेचार झाले. किल्ली हातात. अजून उठलो नाही.

खर्च: बस १८०, जाड कागद २०, साहेबांना बिस्किटं ४०.
येणे: साहेबांकडून दाजींना बावीस हजार, सहीनंतर.
देणे: साहेबांना परत, पहिल्या हेल्मेटचे अठरा हजार, जर...