एक्केचाळिसावं पाणी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
शनिवार (पाणी कालच येऊन गेलं)

आदरणीय नानासाहेब यांच्या सेवेशी,

शेजारच्या लक्ष्मणचा, मधल्या भिंतीवरून घालायचो तसाच, मोठ्यानं रामराम. आम्ही इकडं सुखरूप आहोत. द्वारकाचं कंबरदुखीचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. ती गप्प बसली की मी घाबरतो. तुमचा गुडघा कसा आहे, साखर किती निघाली, आणि त्या बाराव्या मजल्यावरच्या वाऱ्यात कानटोपी घालता का नाही, हे सविस्तर कळवावं. विश्वजितला, सूनबाईंना आशीर्वाद. तुमच्या नातीला, संस्कृतीला सांगा की तिनं आपल्या मधल्या भिंतीवर खडूनं काढलेला हत्ती अजून उभा आहे. (पावसात सोंड धुऊन गेली होती, ती मी विटकरीच्या तुकड्यानं परत काढली. थोडी शेपटीसारखी झाली आहे, पण लांबून चालून जाते.)

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं घरात विचारतील. नाना, फोन केला की विश्वजित तो स्पीकरवर टाकतो. मी इकडून 'काय नाना' म्हणतो आणि तिकडून चार माणसं एकदम 'बोला काका' म्हणतात. मग मी हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. शिवाय माझं बोलणं फाटे फोडत जातं हे तुम्हाला नवीन नाही. तुम्ही शाळेत कारकून होतात आणि मी कंपनीत टर्नर, तेव्हा माझे तीन पानांचे रजेचे अर्ज तुम्ही लाल पेन्सिलीनं दोन ओळींवर आणायचात. (सातवीनंतर माझी जी काय शाळा झाली, ती त्या पेन्सिलीखाली.) या पत्रातल्या चुकाही तशाच काढा आणि हेच पत्र परत पाठवून द्या. उत्तर लिहायचा कंटाळा आला तरी निदान चुका तरी येतील.

तुमच्याकडं म्हणे तोटी फिरवली की पाणी. दिवसातून कधीही. ऐकून बरं वाटलं, पण मला एक कळत नाही, मग तुम्हाला दिवस गेलेला कळतो कशानं? आमच्याकडं अजून आठव्या दिवशीच येतं, कधी नवव्या, मधी लाईन फुटली तेव्हा अकराव्या. नवी मोठी लाईन आली की रोज येणार असं सगळे म्हणतात, आणि मी हो म्हणतो, कारण रोज म्हणणाऱ्याचं मन मोडू नये. पण माझा सगळा हिशेब त्या आठ दिवसांचा झाला आहे. कॅलेंडरवर मी निळ्या पेनानं गोल करतो. लग्नाची पत्रिका आली की आधी गोल बघतो आणि मग मुहूर्त. यमुनावहिनी गेल्या आणि त्यानंतर विश्वजित तुम्हाला पुण्याला घेऊन गेला, त्याला लोक अकरा महिने झाले म्हणतात. माझ्या कॅलेंडरप्रमाणं एक्केचाळीस पाणी झाली.

आता मुद्द्यावर येतो. (तुमची पेन्सिल इथून सुरू करेल, आधीचं सगळं खोडेल, हे मला माहीत आहे.) विश्वजितनं तीनदा फोनवर विचारलं की काका, घर बघायला माणसं येतात, मग ठरत का नाही. किल्ली माझ्याकडं, दाखवायचं काम माझ्याकडं, तेव्हा जाब द्यायचा तो मीच दिला पाहिजे. तर ऐका.

त्याआधी हौदाचं सांगणं भाग आहे. तुम्ही गाडीत बसताना काच खाली करून म्हणालात, 'लक्ष्मण, घराकडं लक्ष राहू दे.' आता घराकडं लक्ष म्हणजे काय, तर दुसरा कुणी असता तर त्यानं कुलूप हलवून बघितलं असतं. मला पाण्याशिवाय दुसरं सुचलं नाही. दर पाण्याला मी माझी टाकी भरली की पाईप तुमच्या मागच्या अंगणातल्या हौदात सोडतो. पण हौद तर आधीच्या पाण्यानं भरलेला असतो. तुमच्या घरी आठ दिवसांचं शिळं पाणी कधी ठेवलं नाही; वहिनी नवीन पाणी यायच्या आधी हौद कोरडा करायच्या. म्हणून मीही करतो. वहिनींनी लावलेल्या कढीपत्त्याला बारा बादल्या, माझ्या स्कूटरला दोन, मग आशाबाईंचं अंगण, मग पुढच्या घरांच्या कुंड्या. कढीपत्ता आता गच्चीला लागला आहे आणि अख्ख्या गल्लीच्या फोडणीत तुमचं घर आहे. (आशाबाई मध्यंतरी म्हणाल्या की माणूस पुण्यात नि पाणी इथं, ही कुठली रीत. पण बादली त्यांचीच सगळ्यात मोठी असते.)

पहिलं गिऱ्हाईक बजाजनगरचं. नवराबायको, दोघंही कंपनीत, गोड माणसं. त्यांना मी शुक्रवार दिला, कारण पाणी गुरुवारी होतं. ते सरकून शुक्रवारी आलं. लाईनमननं सकाळी शिट्टी मारली आणि माझ्या डोक्यातून पावणे पार निघून गेले. ती दोघं आली तेव्हा पुढचं दार सताड उघडं, घरात कुणी नाही, आणि मी मागं हौदाच्या तळाशी, अर्ध्या चड्डीवर, खराट्यानं शेवाळ घासत. पावलं वाजली. मी आतूनच म्हणालो की या, या, बसा, आलोच. नाना, रिकाम्या घरात जमिनीखालून कुणी बसा म्हटलं तर माणूस बसत नाही. ती बाई थेट फाटकापर्यंत गेली. नवरा धीट होता, तो हौदात वाकला. मी खराटा हातात घेऊन वर आलो, हात पुसून नमस्कार केला आणि घर दाखवलं. त्यांनी पाणी किती दिवसांनी येतं विचारलं. आता मी खोटं कसं बोलू, अंगावरून ते निथळत होतं. सगळं सांगितलं, गोल, आठवा दिवस, अकरावा दिवस, मोटर, खराटा. ती दोघं एकमेकांकडं बघत होती. कळवतो म्हणाले. अजून कळवताहेत.

दुसरं गिऱ्हाईक तुम्हाला आवडलं असतं. हर्सूलचे सखारामबापू, शेती करणारा माणूस, थोरल्या मुलाला शहरात घर हवं म्हणून आलेले. मी ठरवलं होतं की या वेळी काही वाकडं होऊ द्यायचं नाही. अंघोळ करून, टोपी घालून बसलो. द्वारकानं चहा केला. मी घर दाखवलं, आणि दाखवताना जे कामाचं ते सांगितलं. म्हणजे ही खोली हवेशीर. ही खिडकी, इथं नाना सकाळी पेपर घेऊन बसायचे आणि भिंतीपलीकडं मला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे, आणि हसायची जागा आली की जरा थांबायचे. (मी आता स्वतः पेपर लावला आहे. बातम्या सगळ्या कळतात. कुठं हसायचं ते कळत नाही.) हा कोनाडा वहिनींच्या दिव्याचा. ही फरशी हलते, पण बदलू नका, तिच्या आवाजावरून आम्हाला पलीकडं कळतं की नाना उठले. असा दीड तास गेला. बापूंनी एका शब्दानं मला अडवलं नाही. शेवटी मागच्या अंगणात आले, हौदाचं झाकण सारून आत हात घातला, पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला.

"हे पाणी कधीचं?"

"कालचंच."

"घरात राहतंय कोण?"

"कुणी नाय."

"मग भरतंय कोण?"

मी म्हणालो, मी. कशापायी, असं त्यांनी विचारलं. तुमच्यासमोर कबूल करतो, तोवरच्या इतक्या पाण्यांत मी स्वतःला हे एकदाही विचारलं नव्हतं. सवय, असं काहीतरी पुटपुटलो. बापूंनी ओंजळ कढीपत्त्याला सोडली, झाकण नीट लावलं.

"पावणं, मला रिकामं घर पाहिजे. हे रिकामं नाय. यातलं माणूस गावाला गेलंय."

चहा घेऊन गेले. जाताना कढीपत्त्याच्या दोन फांद्या मागून नेल्या.

एवढं झाल्यावर विश्वजितनं तिकडूनच आकाश नावाचा एक दलाल नेमला. पोरगा हुशार, बोलणं तुपासारखं. त्यानं तुमच्या घराचे फोटो काढले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काका, तुम्ही कमी बोला. मी बरं म्हणालो. तो म्हणाला, पुढच्या रविवारी पार्टी आणतो, फक्त दार उघडून द्या आणि तुमच्या घरी जाऊन बसा. मी त्यालाही बरं म्हणालो. आणि नेमकी त्यानंतर तुमच्या घराची किल्ली हरवली.

काय शोधाशोध झाली म्हणून सांगू. गल्ली मोठ्या मनाची, एकाचं हरवलं की सगळी वाकतात. गटाराची जाळी उचलली. भिंतीवरून पोरं उतरवून कढीपत्त्याच्या बुडाशी उकरलं. आमचा गव्हाचा डबा चादरीवर पालथा केला. आशाबाईंना चार वर्षांमागं हरवलेली बुगडी सापडली आणि त्यांनी पेढे वाटले. किल्ली काही सापडली नाही. द्वारका मात्र ओट्यावर बसून लसूण सोलत होती, उठली नाही. त्यामुळं काल एक्केचाळिसाव्या पाण्याला मी भिंत ओलांडून तुमच्या अंगणात उतरलो. चढताना ठीक होतं. उतरताना हत्तीवरून घसरलो. गुडघा फुटला, आता आपल्या दोघांचाही डावाच गेला. पण हौद घासला, भरला, झाकण लावलं.

आकाश म्हणतो, किल्ली नाही तर नाही, पुढच्या रविवारी कुलपं करणारा घेऊन येतो, तोडून नवीन बसवतो. विश्वजितनं त्याला हो म्हटलं आहे. ते कुलूप तुम्ही नि मी शहागंजातून आणलेलं, बत्तीस वर्षं झाली. त्याला जोर लावावा लागत नाही, किल्ली घालून जरा वर उचलायची असते. हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

तर घर न विकलं जाण्याची कारणं ही अशी आहेत. यात माझी चूक किती आणि पाण्याची किती, ते तुम्ही पेन्सिलीनं ठरवावं. तब्येतीला जपावं, गोड कमी खावं, लहानांना माझा आशीर्वाद आणि तुमच्या पायांना (डावा सांभाळून) माझा नमस्कार.

आपला शेजारी,
लक्ष्मण

ता. क. किल्ली हरवलेली नाही. माझ्या करदोड्याला बांधलेली आहे. अख्खी गल्ली गटारात वाकली होती तेव्हाही तिथंच होती. काल भिंतीवरून पडलो तेव्हा ती पोटाला टोचली, त्याचाही वळ आहे. द्वारकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, चालताना वाजते म्हणे. हे विश्वजितला वाचू देऊ नका, किंवा द्या, आता माझं वय रागावून घ्यायचंच आहे.

ता. क. दुसरा. द्वारका म्हणते, हे सगळं लिहिण्यापेक्षा एका ओळीत लिहा की करमत नाही. मी तिला म्हणालो की नाना समजून घेतील. ती म्हणाली, ते कारकून होते, लिहिल्याशिवाय धरणार नाहीत. तर लिहिलं.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच. घर विकायचं तर विका, नाना. मी आडवा येणार नाही, आकाशला चहासुद्धा पाजीन. फक्त विकायचं हे तुम्ही म्हणालात का स्पीकर म्हणाला, एवढं मला कळू द्या. तुम्ही म्हणाला असाल तर एकदा येऊन तुमच्या हातानं ते कुलूप उघडा, किल्ली वर उचलून, आणि मग ज्याला द्यायची त्याला द्या. कुलपं करणारा रविवारी येणार. बेचाळिसावं पाणी त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी. तुम्ही शुक्रवारी आलात तर हौद आपण दोघं मिळून घासू. नाही जमलं तर मी एकटा भरून ठेवतो. आठ दिवस टिकतं. शिळं व्हायच्या आत या.