टोलीतलं शून्य

प्रिय तृप्ती,

जयभीम. पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. फोनवर तुझा बाप मधातच बोलते, अन् हे त्याच्या कानावर गेलं तर तो मले अडवेल. म्हणून तिसरी शिकलेल्या अक्षरात लिहून राहिली.

परवा तू मोठ्या तोऱ्यात सांगितलं, फिरत्या दवाखान्याची गाडी कोणत्या गावात जाईल ते आता तुझा नकाशा ठरवते. हाताखाली तीस जण, सारे गावोगावची माहिती चाळणारे. आपल्या वस्तीत, टोलीत, सिकलसेलचा रोगी शून्य, म्हणून गाडी आसगाववरून परस्पर पुढं जाते. मी हूं म्हटलं. पण तीस शिकलेल्यांत एकालेही त्या शून्याचा संशय आला नाही काय वं? आजूबाजूच्या गावागावात रोगी, अन् आमचीच चाळीस घरं काय ती लख्ख?

ते शून्य मी केलं. तुझ्या कंपनीची रिता टॅबलेट घेऊन आली. चहा नको म्हणाली, पण घराघरातलं दुखणं मात्र घेऊन चालली होती. ती सिकलचंच विचारून राहिली, हे मले पहिल्याच घरी कळलं. ती दुसऱ्या दारात पोचेपर्यंत मी मागच्या अंगणांतून सांगत सुटली, बायांनो, नाही म्हणा, सिकलचं घर म्हटल्यावर आपल्या पोरी कोण करून नेईल? साऱ्यांनी नाही म्हटलं. शेजारच्या गोदावरीबाईनं तर नातीले, खुशबूले, आत दडवलं. आठ वर्षांची पोर हाडं दुखून कण्हत होती. रितानं विचारलं तर म्हणे, कुत्र्याचं पिल्लू आहे.

तू म्हणतेस, आम्ही नावं पुसून टाकतो. पुस. पण टोली, आजी अन् आठ वर्षांची नात एवढं ठेवलं तर नाव कायले पाहिजे? आसगावचा पोस्टमनही घर दाखवेल. त्याचा बंदोबस्त आधी कर. तुझ्या साहेबांवर माझा काडीचा भरोसा नाही.

मागच्या आठवड्यात खुशबूले बापाच्या मांडीवर टाकून बसनं भंडाऱ्याले नेलं. गाडी आली असती तर गोळ्या दारात मिळाल्या असत्या. गोदावरीबाई मले भांडली असती तर मीही दोन ऐकवल्या असत्या. तिनं तर जाताना घराची चावी माझ्याच हाती दिली, तेच झोंबलं. तर एखादी बाई पुन्हा पाठव. घाईची नको. बसेल, चहा पिईल, एकेकीले एकटं विचारेल अशी पाठव.

अन् आता आपलं घर. मीही रिताले नाही म्हटलं, तेही खोटं. तुझी रत्ना आत्या काविळीनं नाही, एकोणिसाव्या वर्षी सिकलनं गेली. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं, माझ्यात अन् तुझ्या आजोबात अर्धा रोग होता, तुझ्या बापात, संघपालमध्येही आहे; अर्ध्यानं आपल्याले काही होत नाही, पण दोघांचा मिळून लेकरात पुरा उतरू शकते. तुझ्या बापाचं तोंड मीच बंद केलं, नाहीतर तुझी आई ह्या घरात आली नसती. तू धडधाकट निघाली म्हणून मी गप बसली. आता तू धम्मदीपसंगं लग्न ठरवून राहिली. पोरगा चांगला दिसते, म्हणूनच मले त्याचाही संशय आहे. तारीख काढायच्या आधी दोघंही रक्त तपासा. दोघांतही निघालं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा, मी तोंड घालणार नाही. तुझ्या आईले मी रविवारी सांगणार आहे. त्यानंतर ती मले ह्या घरात ठेवते का नाही, ठाऊक नाही. तू मात्र तपासल्याशिवाय राहू नको.

तुझीच,
तुझ्यावरही पुरता भरोसा नसलेली आजी
धुरपता