ठिपक्याची शेपटी

ग्वेल्फ, १२ नोव्हेंबर २०१७

ती. बाबांना,
गारठलेल्या बोटांनी साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. आईला सांगा, नेमबाजीच्या क्लबात फक्त कागदावर नेम धरतो.

रायफलीवर बसवायला एक स्वस्तातली, अंगठ्याएवढी रेड डॉट साइट घेतली. तुमच्या पोलिसातल्या रायफलीला नेम धरायला नळीच्या टोकाशी माशी असायची ना, तिच्याऐवजी इथे काचेत लाल ठिपका दिसतो. ठिपका कसला, फिसकटलेलं कुंकू. त्याला वर शेपटी. काच पुसली, उजेड कमीजास्त केला, साइट काढून पुन्हा बसवली, तरी शेपटी तशीच. डोकंच फिरलं. दुकानदाराला फोनवर नको ते बोललो.

मग क्लबातल्या गॅविनला दाखवली. तो म्हणाला, "इट्स पर्फेक्टली राउंड." बाकीच्यांनाही गोलच दिसला. म्हणजे शेपटी माझ्या डोळ्यात. आता चष्मा लागणार, शिवाय दुकानदारापुढे नाक घासायचं, त्याचा वैताग वेगळाच.

नेम चुकला की माशीला दोष द्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आई सांगत होती, पेपर वाचता येत नाही म्हणून तुम्ही हॉलची ट्यूब परत बदललीत.

बाबा, ट्यूब चांगली आहे.

तुमचा,
स्वानंद