पाणदरवाजा कोणी उघडला

ओगिसावा, ३ नोव्हेंबर १९५८

चि. शुन्पेइ यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीच नाही. तुझी कादंबरी पेपरात रोज सकाळी येते आणि बाबा ती उभ्यानेच वाचतात. मंगळवारी तू लिहिलंस की आपल्या गावचा किल्ला पडला तो आपल्याच पूर्वजाने, गेन्बांनी, रात्री पाणदरवाजा उघडून शत्रूला आत घेतला म्हणून. ज्या गेन्बांच्या समाधीला गाव दर शरदात उदबत्ती लावतं, ते गद्दार!

बाबांचं सूप तसंच निवलं. मग घराण्याच्या चिन्हाचा काळा झगा चढवला आणि किल्ल्यात मेलेल्यांच्या वंशजांच्या दारोदार जाऊन, जमिनीला कपाळ टेकून माफी मागत फिरले. या वयात! साके दारूवाले कोमुरो हसून म्हणाले, चारशे वर्षांनी का होईना, निरासावा घराण्याला लाज वाटली हे बरं झालं.

तुला खरंच काही कागद सापडला का? सापडला असेल तर आम्ही सोसू. नसेल तर बाबांना तुझ्या हाताने दोन ओळी लिही. मी सांगून पाहिलं की शुनने मनचं लिहिलं असेल. ते म्हणाले, तुला इतिहासातलं काय कळतं?

लोभ आहेच, तो आटायच्या आत उत्तर धाड.

ताई

---

कामाकुरा, १० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं, रागावू नकोस. कागदबिगद काही नाही. किल्ला आतून पडला एवढंच ठाऊक आहे. कोणी पाडला ते मेलेल्यांनाच माहीत. पण पेपरातल्या कादंबरीला गद्दार लागतो, आणि तोही नावगाव असलेला. आधी मी कोमुरोंचा पूर्वज घातला होता. संपादकांना घाम फुटला, म्हणाले, वंशज कोर्टात खेचतील. मग घरचाच घेतला. घरचे कुठे दावा ठोकतात?

आणि फळ बघ! सगळे म्हणतात, काय हा सत्यनिष्ठ लेखक, स्वतःच्या रक्तालाही सोडलं नाही. जानेवारीत मोठं पारितोषिक ठरायचं आहे. आत्ता बाबांना लिहिलं तर ते पत्र घेऊन गावभर फिरतील, आणि माझं मुसळ केरात. तेवढं पार पडू दे, मग लिहितो. लाजेने कोणी मरत नाही, ताई. मरत असतं तर आमच्या धंद्यात माणूस उरला नसता.

लोभ आणि मुळ्याच्या पाल्याचं लोणचं, दोन्ही येऊ दे.

शुन्पेइ

---

ओगिसावा, १९ डिसेंबर

शुन्पेइ यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. बाबांनी पितरांच्या देवघरातून गेन्बांच्या नावाची पाटी काढली. समाधीचा दगड हलवा म्हणून देवळात सांगितलं. भिक्षूंनी नकार दिला, तर स्वतः पहार घेऊन गेले आणि बर्फात दिवसभर खपून तो उपटला. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेत. छातीत कफ दाटलाय. डॉक्टर म्हणाले, वसंत दिसेलसं वाटत नाही.

तुझं पत्र त्यांना दाखवावं असं दहादा मनात आलं. पण घरचे दावा ठोकत नाहीत, हे मुलाच्या हातचं वाचून ते त्याच दिवशी गेले असते. तू मारलंस ते पुरे, मी कशाला हात लावू? नीट शब्दांत, माफी मागून लिही. आणि जानेवारीची वाट पाहू नकोस.

तुझी, लोभ आटलेली, नुसती बहीण,

इत्सुए

---

कामाकुरा, २६ जानेवारी १९५९

तीर्थरूप बाबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

पारितोषिक मला मिळालं. आता मोकळेपणाने लिहितो. गेन्बांनी दरवाजा उघडला याला काडीचा पुरावा नाही. ते मी मनचं लिहिलं, सोयीसाठी. आपलं घराणं निर्मळ आहे. चूक माझी, क्षमा असावी. पाटी पुन्हा देवघरात ठेवा. आपण बरे व्हा, मी लवकरच येतो.

आपला शुन्पेइ

---

ओगिसावा, २ फेब्रुवारी

चि. शुन्पेइ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पारितोषिकाची बातमी ऐकून उठून बसलो. पत्रही वाचलं. इत्सुएने तुला ते लिहायला लावलं, हे न कळायला मी काही खुळा नाही. नोव्हेंबरात तीही हेच म्हणत होती. म्हाताऱ्याचं मन राखायला तू खोटं लिहिलंस. मुलगा म्हणून चांगलं केलंस, पण तुझ्यासारख्याने असं करू नये. आपल्याच पूर्वजाला जगासमोर उभं करायला केवढी छाती लागते! मी ते भेटेल त्याला सांगतो.

समाधीच्या जागी तुझ्या नावाचा दगड बसवायचं गावाने ठरवलंय. मी आनंदाने होकार दिला. माझी राख मात्र बेवारस मेलेल्यांच्या चौथऱ्यात ठेवायला भिक्षूंना सांगितलं आहे. गद्दाराच्या वंशजाला तीच जागा बरी. तू येऊ नकोस, हातातलं काम मोडेल.

तुझं ते पत्र मी शेगडीत जाळलं. कोणाच्या हाती पडलं असतं तर लोक तुला खोटारडा म्हणाले असते. ते मला सोसलं नसतं.

तुझ्या खरेपणावर जीव असलेला,

बाबा