टपावरच्या कुरडया

रश्मी,

शाळेतनं आलीस की आधी अंगणात बघ. भवानीनगरच्या तात्यांच्या अँबेसिडरला मी काल मारलेला रंग अजून ओला हुता. मी सामानाला इंदापूरला गेलो आन् आईनं टपावर लुगडं पसरून कुरडया घातल्या. लुगडं रंगाला चिकटलंय. एक कोपरा सोडवला तर काठाची नक्षी टपावर उठली. तू ओढू नकोस.

उद्या तात्यांच्या पोरीची वरात ह्याच गाडीतनं हाय. नुकसान आपल्या हातनं झालंय, रंग पदरच्या पैशानं परत मारून दीन. पण त्यांनी भर चौकात ड्रायव्हरला तुडवलेलं मी बघितलंय. ते हितं यायच्या आत मीच भवानीनगरला चाललोय. गाडी झाकायला लुगडं मीच टाकलं म्हणून सांगणार हाय. कुणी विचारलं तर तूबी तेच सांग.

कुरडया काढून घे आन् गाडीवर ताडपत्री टाक. दिवस मावळंस्तवर आलो न्हाय तर थोरल्या दादाला तिकडं पाठव, तू येऊ नकोस.

आई आत झोपलीय. तिला यातलं काय ठावं न्हाय. उठल्या उठल्या विचारील. कुरडया झकास वाळल्या म्हण.

तुझा भाऊ,
समाधान