सातव्या डोळ्याचा शोध

३ मार्च, सोमवार

सर्दी. डोकं जड. तरी ड्युटीवर गेलो, कारण आपण नाही गेलो तर लोक काय खातील याची कल्पना करवत नाही. आज दोन हॉटेलांची किचनं तपासली. पहिल्यात चमच्यांच्या खणात झुरळाचा पाय. फक्त पाय. बाकीचं झुरळ कुठे गेलं असेल या विचाराने दुपारी जेवण गेलं नाही. दुसऱ्यात आचारी एकाच फडक्याने ओटा, ताटं आणि स्वतःचं कपाळ पुसत होता. शेरा मारला. तो म्हणाला, साहेब, एवढं बारीक कुणी बघत नाही. मी म्हटलं, म्हणूनच मला ठेवलंय.

घरी येऊन माझ्या खोलीत ‘वेलमोर्न’ लावला. एवढ्या स्वच्छ माणसाला हा गेम कसा आवडतो, असं बायको नेहमी विचारते. सडका राजा, पुवाची दलदल, अळ्या पडलेले सरदार. मी तिला सांगितलंय, तिथे निदान घाण आहे हे कुणी लपवत तरी नाही.

आज दलदलीतल्या राणीशी लढताना ऐन वेळी लागोपाठ शिंका आल्या. दोन्ही हात कंट्रोलरवर, त्यामुळे तोंडावर काही धरता आलं नाही. मेलो.

संकल्प: उद्या वाफ घ्यायची, लवकर झोपायचं, गेमला हात लावायचा नाही.

४ मार्च, मंगळवार

वाफ राहिली. गेम लावला, आणि बरं झालं लावला.

सापडला. सातवा डोळा सापडला.

इथे नीट लिहून ठेवतो, पुढेमागे लोक विचारतील. वेलमोर्नच्या देवाला सहा डोळे आहेत. प्रत्येक मूर्तीवर सहाच. पण विहिरीजवळची महारोगी म्हातारी म्हणते, सहावा मिटला की सातवा बघतो. हा सातवा कुठे आहे यावर चार वर्षं गेमच्या फोरमवर लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. कुणी म्हणतं राजाच्या पोटात, कुणी म्हणतं चंद्र म्हणजेच डोळा. सगळा अंदाजपंचे कारभार.

मी आज बर्फाच्या पठारावर उभा होतो. आभाळात, वर डावीकडे, एक बारीक गोल. मधे अर्धपारदर्शक, कडा हिरवट-पिवळी. खाली एक ओघळ, अश्रूसारखा. डावीकडे वळलो, डोळा आला. उजवीकडे वळलो, आला. किल्ल्यात शिरलो, छतावर तोच. दलदलीच्या अंधारात मात्र नाहीसा. म्हणजे तिथे तो मिटतो.

अंगावर काटा आला. सातवा डोळा वेलमोर्नमध्ये कुठेही नाही, कारण तो खेळणाऱ्यावर आहे. आपण जाऊ तिथे तो बघतोय. चार वर्षांत एकाला हे सुचू नये, म्हणजे कमाल आहे.

६ मार्च, गुरुवार

विजेचं बिल भरायला गेम बंद करून साइट उघडली. पांढऱ्या पानावर, वर डावीकडे, डोळा. गेम बंद असताना. क्षणभर बिलाची रक्कमसुद्धा दिसेना. कंपनीने काय प्रोग्रॅमिंग केलंय. असल्या लोकांपुढे हात टेकले.

स्क्रीनशॉट काढला. त्यात डोळा नाही. पुन्हा काढला. नाही. अर्थ उघड आहे: पुरावा बाहेर जाऊ नये म्हणून तो स्क्रीनशॉटमधून आपोआप पुसला जातो. शेवटी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला, त्यात स्वच्छ आला. थिअरी लिहिली आणि फोटोसकट फोरमवर टाकली.

संकल्प: उत्तरं बघायला दर पाच मिनिटांनी फोन उचलायचा नाही.

७ मार्च, शुक्रवार

रात्रीतून बरीच उत्तरं. दर्जा यथातथा. ‘उंदीर’ नावाच्या एका महाभागाने एवढंच लिहिलंय की आधी स्क्रीन पूस. त्याला ढिगाने लाइक.

मला. स्वच्छता. हा माणूस मला सांगतो. माझ्या एका शेऱ्याने हॉटेलं बंद पडतात. असल्या लोकांच्या तोंडी लागायचं नाही असं ठरवलं आणि त्याला लांबलचक उत्तर लिहिलं.

माझ्या खोलीत केरसुणी, फडकं, बायको यांना दोन वर्षांपासून बंदी आहे. एकदा धूळ झटकायला म्हणून आली आणि सगळ्या वायरी उपटून ठेवल्या. स्क्रीनला तर कुणीच हात लावायचा नाही. हा नियम मीही पाळतो.

९ मार्च, रविवार

घरात वेगळंच लचांड. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तेविसाला त्यांना डिस्चार्ज, आणि त्या थेट आमच्याकडे. साडूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून. बायकोचं म्हणणं, आईला माझी खोली द्यायची. बाथरूम लागून आहे, पलंग उंच आहे. हॉलमधला सोफा एवढा खोल की धडधाकट माणूस त्यातून उठताना देवाचं नाव घेतो.

मी शांतपणे सांगितलं की त्या खोलीत संशोधन चालू आहे. ती म्हणाली, कसलं. मी डोळ्याबद्दल समजावलं. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं आणि विचारलं की आई रात्री बाथरूमला कशी जाणार. मुद्द्याला धरून बोलणं हा प्रकारच नाही.

शिवाय त्या गुडघ्याला लावायचं मलम. मागच्या वेळी आल्या तेव्हा आठवडाभर माझ्या उशीला त्याचा वास येत होता.

११ मार्च, मंगळवार

‘मशाल’चा मेसेज. मशाल म्हणजे वेलमोर्नच्या अभ्यासकांमधला शेवटचा शब्द. तो ज्या थिअरीला हो म्हणतो ती खरी, बाकी गप्पा. त्याने लिहिलंय की बावीस तारखेला, शनिवारी दुपारी, त्याच्या लाइव्ह कार्यक्रमात येऊन डोळा दाखवाल का. पुढे हसणारा चेहरा टाकलाय. कौतुकाने असणार.

बायकोला लगेच प्रस्ताव ठेवला. मशालने मान्य केलं तर खोली माझी, सासूबाई हॉलमध्ये. नाही केलं तर खोली त्यांची. बायको म्हणाली, ठीक आहे, पण मग शब्द फिरवायचा नाही. एवढ्या सहज तयार झाली म्हणजे थिअरी तिलाही पटलेली दिसते.

१३ मार्च, गुरुवार

डिस्चार्जचं बोलायला साडू आले. हा माणूस सूप पितो ते शेजारच्या घरात ऐकू जातं. गेल्या वर्षी माझे हेडफोन नेले आणि परत दिले तेव्हा त्यांना कानातला मळ लागलेला होता. ते हेडफोन मी चिमट्याने उचलून टाकून दिले.

तरी मोठ्या मनाने त्यांना डोळा दाखवला. त्यांनी मान तिरकी केली, चष्मा वर केला, आणि म्हणाले की साडूभाऊ, आमच्या गाडीच्या काचेवरपण असंच एक आहे. गाडीच्या काचेवर देवाचा डोळा शोधणारा माणूस.

जाताना त्यांनी स्क्रीनच्या दिशेने बोट पुढे केलं. मी मनगट धरलं. ते दचकले. बायको म्हणाली, हे काय वागणं.

१६ मार्च, रविवार

हादरवून टाकणारी घडामोड. डोळ्याची कड किंचित उचलली गेलीय. वरच्या बाजूला, अगदी पातळ पापडीसारखी. कालपर्यंत सपाट होती. पापणी उघडतेय. कार्यक्रमाच्या आठवड्यातच उघडावी हा योगायोग नाही. कंपनीचं माझ्याकडे लक्ष आहे.

फोरमवर टाकलं. उंदराने ओकारीचं चित्र पाठवलं. मत्सराने माणूस किती खाली जातो.

पुढचं आखून ठेवलं: आधी स्वतःचा चॅनेल, मग नोकरीचा राजीनामा, मग वेलमोर्नवर ग्रंथ. दलदलीतली राणी अजून माझ्याकडून मेलेली नाही, पण अभ्यासकाला लढाई यायलाच हवी असं कुठे आहे.

१९ मार्च, बुधवार

शाळेचं किचन तपासलं. एका ताटाच्या कडेला सुकलेला ठिपका. नखाने खरवडला, निघाला. स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं, हे मुलांच्या पोटात जाणार का. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. बाई म्हणाल्या, रोज धुतो साहेब, नजरेतून सुटलं असेल. मी म्हटलं, घाण तिथेच राहते जिथे माणूस बघायचं सोडतो. वाक्य बरं जमलं. शनिवारी कुठेतरी वापरायचं.

२१ मार्च, शुक्रवार

बायको म्हणाली, उद्या कॅमेऱ्यात खोली दिसणार, निदान टेबल पुसून घेते. सक्त नकार. आहे ती स्थिती तशीच राहिली पाहिजे, पुरावा आहे. ती म्हणाली, उद्या आईला घरी आणतायत, हॉस्पिटल एक दिवस आधीच सोडतंय. मी म्हटलं, माझा कार्यक्रम झाल्यावर या म्हणावं.

भाषण पाठ केलं. हॉलमधल्या सोफ्यावर सासूबाईंसाठी जास्तीची उशी ठेवली. माणसाने उदार असावं.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळ

लिहू की नको असं झालंय. लिहितो. इथे कोण वाचतंय.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मशाल आवाजाने पोरगेला निघाला, पण नम्र. बघायला पुष्कळ लोक. त्याने मला स्क्रीन शेअर करायला सांगितलं. केली. म्हणाला, डोळा दिसत नाही. मी हसलो, हेच तर म्हणणं आहे माझं, आणि मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनवर धरला. तो म्हणाला, अजून जवळ न्या. नेला. अजून जवळ. नेला. मग त्याने सांगितलं की आता मॉनिटरचं बटण दाबून स्क्रीन बंद करा.

केली. काळ्या काचेवर खिडकीचा उजेड पडला होता. त्या उजेडात डोळा होता. कडा वर आलेल्या, खाली ओघळ. उजेडात तो काचेपासून थोडा उंच दिसत होता. सावलीसुद्धा पडली होती त्याची.

माझं पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं, घाण तिथेच राहते वगैरे. गिळलं.

तेवढ्यात मागे काठीचा आवाज. साडू सासूबाईंना घेऊन लवकर पोचले होते. त्यांना बाथरूमला जायचं होतं, जवळचं बाथरूम माझ्या खोलीतलं. त्या दारात थांबल्या, माझ्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, काचेकडे बघितलं. म्हणाल्या, जावईबापू, जरा सरका. रुमालाचं टोक जिभेने ओलं केलं, लहान मुलाचं तोंड पुसतात तसं, आणि दोन वेळा घासलं. मग रुमाल बघितला आणि म्हणाल्या, शेंबूड आहे, वाळलेला. घडी घालून ती बाजू आत दुमडली आणि काठी टेकत बाथरूममध्ये गेल्या.

फोनमधून हसण्याचा लोंढा आला. मी फोन पालथा घातला.

सर्दी. तीन तारीख. लागोपाठ शिंका. हात कंट्रोलरवर.

एकोणीस दिवस मी त्याला बघत होतो. झोपण्याआधी शेवटचं. अश्रू म्हणालो. पापणी म्हणालो.

बायकोने माझ्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली.

२३ मार्च, रविवार

सोफ्यावर झोपलो. उठताना देवाचं नाव घेतलं. मॉनिटर खोक्यात घालून सोफ्यामागे ठेवलाय.

फोरमवर थिअरीला माझं नाव दिलंय. ते वाचवत नाही.

मात्र एक गोष्ट कुणी विचारात घेत नाही. शिंकेचे एवढे थेंब उडाले असणार. मग एकच, आणि तोही नेमका आभाळाच्या उंचीवर, असा का पडावा? बाकीचे कुठे गेले? याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही. नवीन थिअरी लिहायला घेतोय. फोरमवरचा हशा ओसरला की टाकतो.

२६ मार्च, बुधवार

बाकीचे सापडले.

सासूबाईंना उजेड हवा म्हणून टेबल हलवायला खोलीत गेलो. खिडकी सताड उघडी होती, ऊन थेट भिंतीवर. टेबलाच्या मागची भिंत, दिव्याची टोपी, चार्जरची वायर, सगळीकडे तसेच बारीक ठिपके. तीन तारखेचेच नव्हेत. मागच्या हिवाळ्यातले असतील, त्याच्या मागचेही. पलंगावर पडलं की समोर तीच भिंत. गुडघा हलवता येत नाही म्हणून त्या दिवसभर तिकडेच तोंड करून असतात. समोर हे बघत त्या जेवल्या, चहा प्यायल्या. चार दिवसांत लेकीजवळ बोलल्या नाहीत. मी विचारलं, का नाही सांगितलंत. म्हणाल्या, त्या दिवशी एवढ्या लोकांत हसं झालं तुमचं, आणखी कशाला.

आणि मी यांना त्या सोफ्यात झोपवणार होतो.

आयुष्यभर मला लोकांची किळस येत आलीय. आचाऱ्यांची, साडूंची, मलमाची. आज पहिल्यांदा ती योग्य माणसावर येऊन थांबली.

बादली आणली, फडकं ओलं केलं आणि पुसायला बसलो. सासूबाई पलंगावरून काठीने दाखवत होत्या. वर. डावीकडे. त्या खिळ्याच्या खाली अजून एक. दिसला का. एक सुटत नव्हता त्यांच्या नजरेतून. एवढं बारीक कुणी बघत नाही, असं माझ्या तोंडात आलं होतं. खिळ्याखालचा पुसला.

मलमाचा वास येत होता. मलम लावायचं राहिलंय म्हणाल्या, बायको बाहेर गेली होती. हात धुतले आणि लावून दिलं.